टर्बो गाडीला प्लॅटिनम प्लग, इरिडियम की साधे? रीमॅपनंतर झटके मारतेय

बूस्टबहाद्दर

नमस्कार मंडळी. स्पार्क प्लग बदलायचेत आणि जितक्या जणांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली, म्हणून इथे टाकतोय. इंजिन १.८ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल (ठिणगीची वीज देणारी), इंजेक्शन पोर्टमध्ये, डायरेक्ट नाही. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की निम्मे लोक प्लग सोडून कंपनीवर घसरतात.

मॅन्युअलमध्ये प्लॅटिनम दिलेत, एनजीके कंपनीच्या आकड्यात हीट रेंज ६, गॅप (ठिणगी उडते ती फट) ०.८ मिमी. बदलायची वेळ तशीही झालीच आहे. मध्यंतरी स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घेतलाय, बाकी टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर सगळं ओरिजिनल. आता होतं असं की तिसऱ्या-चौथ्या गिअरला ३००० च्या आसपास पाय पूर्ण दाबला की दोन-तीन झटके बसतात आणि आरपीएम चढले की पुढे सुतासारखी सरळ जाते. स्कॅनर लावला तर पी०३०० (मिसफायर, म्हणजे सिलिंडर मधेच पेटत नाहीत) आणि कधीकधी पी०३०२ (२ नंबर सिलिंडर पेटत नाही). निवांत चालवली तर काही म्हणजे काही नाही, आयडलसुद्धा स्थिर.

एक जण म्हणतो इरिडियम टाक, प्लॅटिनम जुनं झालं. दुसरा म्हणतो टर्बोला प्लॅटिनम चालतच नाही, टोक तापून नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके) होतं, सरळ कॉपर म्हणजे साधे टाक. तिसरा म्हणतो धातू कुठलाही असू दे फक्त एक नंबर थंड घे. हे थंड म्हणजे नक्की काय? आणि गॅप घरी सेट करावा की पाकिटातून काढून थेट लावावा? बारीक टोकाच्या प्लगला हात लावायला भीती वाटते राव.

तेलकट_हात

तिघांपैकी तिसरा निदान योग्य दारात तरी उभा आहे. धातू कोणता हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. आधी आटे आणि लांबी बरोबर हवी (लांब प्लग पिस्टनला भेटायला जातो, आखूड असला की उरलेल्या आट्यांत कार्बन बसतो), मग हीट रेंज, मग गॅप, आणि हे सगळं जमलं की त्या मापात प्लॅटिनम मिळतोय की इरिडियम ते बघायचं.

तुमच्या झटक्यांचं म्हणाल तर लक्षणं तुम्हीच नीट लिहिलीत. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की सिलिंडरमध्ये हवा दाट होते आणि दाट हवेतून ठिणगी पलीकडे न्यायला जास्त व्होल्टेज लागतं. सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो तो टॉर्क जिथे सर्वाधिक तिथे, म्हणजे तुमच्या ३००० च्या पट्ट्यात, लाल रेषेजवळ नाही. म्हणून तिथेच अडखळते आणि वर गेल्यावर सुटते. रीमॅपने बूस्ट वाढवला म्हणजे मागणी एका बाजूने वाढली, आणि प्लग जुने म्हणजे टोकं झिजून गॅप वाढलेला, शिवाय इलेक्ट्रोडच्या कडा गोल झालेल्या. धारदार कडेवरून ठिणगी लवकर सुटते, गोल कडेवरून सुटायला जास्त जोर लागतो. दोन्ही मिळून कॉइलच्या आवाक्याबाहेर गेलं की त्या वेळची ठिणगी पडतच नाही किंवा पडायला नको तिथे पडते. लोक याला ठिणगी विझली म्हणतात, पण बहुतेक वेळा ती पेटलेलीच नसते.

तर आधी जुने प्लग काढा, गॅप मोजा, फोटो टाका किंवा दिसतंय ते लिहा. नवीन काय घ्यायचं ते त्यानंतर.

कॉपरकट्टा

मी कॉपरवाला, आधीच सांगतो. तांब्याइतकी वीज प्लॅटिनम वाहून नेत नाही हे शाळेत शिकलोय आपण. ट्यून केलेल्या टर्बो गाड्यांत वर्षानुवर्षं लोक साधे प्लग लावतात, स्वस्त आहेत, झिजले की फेकले नवीन टाकले. प्लॅटिनम हे कंपन्यांनी सर्व्हिसचं अंतर लांबवायला काढलेलं प्रकरण आहे, परफॉर्मन्सशी काही देणंघेणं नाही. आणि प्लॅटिनमचं टोक तापून राहतं म्हणून नॉकिंग होतं हेही खरंच आहे.

तेलकट_हात

कॉपरकट्टा, तुमच्या अर्ध्या म्हणण्याशी सहमत, अर्ध्याशी अजिबात नाही.

सहमत यासाठी की प्लॅटिनमचा मुख्य फायदा आयुष्य हाच आहे. साधा प्लग धरा २० ते ३० हजार किमी, दोन्ही टोकांना प्लॅटिनम असलेला चांगला प्लग साध्या, न छेडलेल्या इंजिनात १ लाख किमीच्या आसपास जातो. टर्बोत, त्यातही ट्यून केलेल्या, दोन्ही आकडे खाली येतात. ताकद वाढते वगैरे कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

पण "कॉपर प्लग" मध्ये तांबं असतं कुठे? आत, गाभ्यात. ठिणगी जिथून उडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, तांबं तिथे ठेवलं तर टिकणारच नाही. आणि प्लॅटिनम, इरिडियम प्लगच्या गाभ्यातही तांबंच असतं. म्हणजे वीज वाहण्याचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच, त्यात परत बहुतेक प्लगमध्ये मुद्दाम घातलेला साधारण ५ हजार ओहमचा रेझिस्टर असतो, त्याच्यापुढे टोकाच्या धातूचा रोध म्हणजे किस झाड की पत्ती.

टोकाला फरक पडतो तो वितळणबिंदू आणि झिजेचा. निकेल १४५५ अंश, प्लॅटिनम १७६८, इरिडियम २४४६. धातू जितका चिवट तितकं टोक बारीक करता येतं. साध्या प्लगचं मधलं टोक २.५ मिमी जाड, एनजीकेच्या इरिडियमचं ०.६, डेन्सोच्या काही इरिडियमचं ०.४. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते, म्हणजे बूस्टखाली धापा टाकणाऱ्या कॉइलला थोडी उसंत मिळते. टर्बोवाल्याला बारीक टोकाचा खरा उपयोग हा.

"प्लॅटिनम टर्बोला चालत नाही" ही गोष्ट माझ्या मते दोन ठिकाणांहून आलीय. एक, पूर्वी असे प्लॅटिनम प्लग होते ज्यात केसासारखी तार सिरॅमिकच्या टोकाशी सपाट बसवलेली असायची, बाहेर आलेलं टोकच नाही. ते बूस्टवाल्यांना कधी रुचले नाहीत. दुसरं म्हणजे लोक हीट रेंज न बदलता बूस्ट वाढवायचे, प्लग तापायचा आणि नाव प्लॅटिनमचं व्हायचं. कित्येक टर्बो गाड्या कारखान्यातूनच प्लॅटिनम घेऊन बाहेर पडल्यात. फोक्सवॅगन गटाचं जुनं २० वॉल्व्हचं १.८ टर्बो घ्या, त्याला एनजीकेचा पीएफआर६क्यू, तो प्लॅटिनमच. आणि तेच इंजिन ट्यून करणारे बीकेआर७ई टाकतात, तो साधा निकेलवाला, पण एक पायरी थंड आणि गॅप ०.७ च्या आसपास. नीट बघा, फायदा धातू बदलून नाही, ६ चा ७ करून आणि गॅप आवळून मिळतोय. निकेल का, तर त्यांना प्लग वारंवार बदलायचेच असतात.

कॉपरकट्टा

गाभ्याचा मुद्दा मान्य. तरी मी साधेच टाकणार, मला दर सर्व्हिसला प्लग काढून बघायला आवडतं.

तेलकट_हात

मग काही हरकतच नाही, ती सवय कुठल्याही धातूपेक्षा भारी.

शांत_पिस्टन

थंड-गरम वर कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. प्लग थंड म्हणजे ठिणगी थंड नाही. प्लगचं आतलं टोक उष्णता किती पटकन हेडमध्ये सोडतं ते. गरम प्लगमध्ये टोकाकडचं पांढरं सिरॅमिक लांब असतं, उष्णतेला धातूच्या अंगापर्यंत जायला लांबचा रस्ता, म्हणून टोक तापलेलं राहतं. थंड प्लगमध्ये तेच सिरॅमिक आखूड.

टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर राहायला हवं, तरच बसलेला कार्बन स्वतःहून जळतो. आणि साधारण ८५० च्या वर गेलं की प्लग स्वतःच निखारा होतो, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. तेवढ्या खिडकीत राहायचंय. बूस्ट वाढवला की ज्वलनाची उष्णता वाढते, टोक वरच्या हद्दीकडे सरकतं, म्हणून एक पायरी थंड. एनजीकेवाले ढोबळ हिशोब देतात की ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली तर एक पायरी.

आकड्यांत मात्र घोळ आहे, सांभाळा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलटं, आकडा मोठा म्हणजे गरम. एनजीके ६ म्हणजे डेन्सो २० म्हणजे बॉश ७. एक पायरी थंड हवा असेल तर एनजीके ७, डेन्सो २२, बॉश ६. बॉशचा ७ वरून ८ घेतला आणि थंड घेतला असं समजून चालवली तर बरोब्बर उलटं केलंत.

आणि थंड म्हणजे सुरक्षित म्हणून दोन-दोन पायऱ्या उतरणारेही बघितलेत. गाडी रोज छोट्या अंतराला, गार इंजिनवर चालत असेल तर टोक खालच्या हद्दीलाही पोचत नाही, काळी काजळी बसते, ती काजळी वीज गळवते, परत मिसफायर. मग ते कॉइल बदलतात. मग इंजेक्टर साफ करतात. प्लग मात्र नवीन आहेत म्हणून त्यांच्यावर संशयच येत नाही.

नवखा_डीआय

मधेच विचारतो सॉरी, माझं डायरेक्ट इंजेक्शन टर्बो आहे, कमी आरपीएमला जोर लावला की मिश्रण ठिणगीआधीच पेटून पिस्टन फुटतो ते एलएसपीआय म्हणतात त्याला थंड प्लग टाकला तर टळेल का?

शांत_पिस्टन

थोडक्यात, त्यावर भिस्त ठेवू नका. ते १५००-२५०० च्या पट्ट्यात जास्त लोडला होतं आणि मुख्य संशयित म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरून सुटणारे तेल-पेट्रोलचे थेंब आणि सुटलेले कार्बनचे कण, प्लगचं टोक नव्हे. तिथे तेल महत्त्वाचं, एपीआय एसएन प्लस किंवा त्यानंतरचं एसपी लिहिलेलं घ्या, ती मानकं हा प्रकार डोळ्यासमोर ठेवूनच आलीत. आणि वरच्या गिअरला खालून दाबू नका, एक गिअर उतरवा. बाकी वेगळा धागा काढा, इथे बूस्टबहाद्दरचं राहून जाईल.

बूस्टबहाद्दर

बापरे, किती माहिती. काढले चारही, इंजिन पूर्ण गार झाल्यावर. गॅप चारही प्लगना ०.९५ ते १.० भरतोय, म्हणजे ०.८ चे फुगलेत. १, ३, ४ चं सिरॅमिक आतून फिकट तपकिरी, ठीक वाटतंय. २ नंबरचा जरा काळसर आहे.

पण २ नंबरवर अजून एक गोष्ट दिसली. बाहेरचं पांढरं सिरॅमिक, ज्यावर कॉइलचा रबरी बूट चढतो, त्यावर वरपासून खालच्या षटकोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे. कापडाने पुसली, जात नाही. मग टॉर्च मारून बूटच्या आत बघितलं तर आतल्या रबरावर अगदी समोरासमोर तशीच करडी रेघ. शिवाय चारही प्लगना षटकोनाच्या वर सिरॅमिकला गोल तपकिरी पट्टा आहे, तो काय गॅस लीक होतोय का?

तेलकट_हात

शाब्बास, पी०३०२ सापडला. ती रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली आडवाट. गॅप १.० झालेला, त्यात वाढीव बूस्ट, आतून उडी मारणं जड झालं तेव्हा वीज सिरॅमिकच्या बाहेरून घसरत थेट प्लगच्या धातूकडे गेली, जाताना कार्बनचा माग सोडला, आणि कार्बन वीज वाहतो म्हणून पुढच्या वेळी तीच वाट आणखी सोपी. ऐनवेळी २ नंबर पेटत नाही तो म्हणून, आणि काळसर आहे तोही म्हणूनच.

महत्त्वाचं म्हणजे नुसता प्लग बदलून भागणार नाही, बूट बदलाच. बूटमधली रेघ तशीच ठेवली तर नवीन प्लगवर परत उमटते. कित्येक कॉइलला बूट वेगळा मिळतो, नसेल मिळत तर ती एक कॉइल बदला. नवीन बूट चढवताना आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा, रबर चिकटत नाही आणि हवेची फट राहत नाही.

तपकिरी पट्ट्याची काळजी नको. तो कोरोनाचा डाग (आजार नव्हे हो), जास्त व्होल्टेजमुळे तेलाचे कण सिरॅमिकवर ओढले जाऊन बसतात. गॅस लीक नाही, प्लग खराब झाल्याची खूणही नाही. त्यावरून कोणी हेड उघडायला सांगितलं तर गाडी घेऊन निघून या.

शांत_पिस्टन

+१. आणि कॉइलबद्दल खात्री करायचीच असेल तर बूट बदलल्यावर २ आणि ३ च्या कॉइल आपसात बदला, कोड पुसून टाका आणि परत तिसऱ्या गिअरला दाबून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. २ वरच राहिला तर मग इंजेक्टर, कॉम्प्रेशन. कोडच आला नाही तर विषय संपला.

बूस्टबहाद्दर

भारी! मग आता फायनल सांगा ना, ६ की ७, प्लॅटिनम की इरिडियम, गॅप किती.

तेलकट_हात

स्टेज वन, हार्डवेअर ओरिजिनल, रोजचा वापर, १-३-४ चे रंग चांगले, सिरॅमिकवर फोड नाहीत, पांढरंफटक झालेलं नाही. या परिस्थितीत मी ६ च ठेवला असता, दोन्ही टोकांना प्लॅटिनमवाला, मॅन्युअलमध्ये आहे तोच, फक्त गॅप ०.७. ज्याने रीमॅप केलाय त्याला मात्र विचारा, त्याने टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किती पुढे नेलंय ते त्याला माहीत, तो ७ म्हणत असेल तर ७ घ्या. आणि पुढे मोठा इंटरकूलर, मोठा टर्बो, ट्रॅकवर सलग फेऱ्या असलं काही डोक्यात असेल तर ७ लागेलच.

इरिडियमबद्दल एकच बघा, पाकिटावर इरिडियम लिहिलं म्हणजे जास्त टिकेल असं नाही. काही इरिडियम प्लगमध्ये मधलं टोक तेवढं इरिडियमचं आणि वरच्या वाकड्या पायाला साधं निकेल असतं, ठिणगी दोन्ही टोकं खाते, त्यामुळे ते दोन्हीकडे प्लॅटिनम असलेल्या प्लगच्या आधी संपतात. पायालाही प्लॅटिनमची टिकली असलेला इरिडियम मिळाला आणि हीट रेंज जुळली तर खुशाल घ्या. एका कॉइलवर दोन प्लग चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या इंजिनात तर निम्म्या प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने जाते, तिथे दोन्ही टोकं मजबूत हवीतच. तुमच्याकडे तसं नाहीये.

गॅप ०.७ च्या खाली विनाकारण नेऊ नका. ठिणगी आखूड झाली की पेटणारा पहिला ठिपका लहान होतो, आयडलला गाडी थरथरते, मग नवीन तक्रार.

बूस्टबहाद्दर

आणि गॅप करायचा कसा? नाण्यासारखं गोल गेज आहे माझ्याकडे, कडेने जाड होत जाणारं.

तेलकट_हात

ते ड्रॉवरमध्ये परत ठेवा. ते मधल्या टोकावर टेकवून जोर लावतात, साध्या २.५ मिमीच्या टोकाला चालून जातं, बारीक प्लॅटिनम-इरिडियमचं टोक किंवा त्याची वेल्डिंग तुटते किंवा सिरॅमिकला चीर जाते, आणि ती चीर डोळ्याला दिसत नाही. तारेचं गेज घ्या, ०.७ ची तार, जी फक्त मापायला आत घालायची. वाकवायचं ते वरच्या पायाला, हुकने किंवा बारीक पक्कडीने फक्त पाय धरून, किंचित. जवळ आणायचा असेल तर पायाच्या पाठीवर अलगद टकटक. मधल्या टोकाला काहीही लागता कामा नये. ०.८ वरून ०.७ म्हणजे केवढंसं अंतर आहे, एका दणक्यात करायला जाऊ नका.

बसवताना इंजिन गार. प्लगच्या विहिरीत हवा मारून धूळ उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये. आधी हातानेच फिरवा, रबरी नळीच्या टोकात प्लग खोचून फिरवला तर आटे चुकले की नळीच घसरते, जोर लागतच नाही. मग टॉर्क पाना, १४ मिमीचा वॉशरवाला प्लग, ॲल्युमिनियम हेड, २५ ते ३० न्यूटन मीटर. पाना नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, हे नवीन वॉशरला. आट्यांना अँटीसीझ लावू नका, चांगल्या प्लगवर आधीच लेप असतो, वरून ग्रीस फासलं की तोच पाना जास्त आवळतो.

कॉपरकट्टा

आणि प्लग ओळखीच्या, अधिकृत विक्रेत्याकडूनच घे भावा. नकली प्लग खूप फिरतात. खऱ्यावर सिरॅमिकवरची छपाई स्वच्छ, टोकावरची प्लॅटिनमची टिकली मधोमध, पाय सरळ, चारही प्लग हुबेहूब सारखे. नकलीवर टिकली सरकलेली किंवा नुसता रंगच. चारात एकाचा जरी गॅप पाकिटातून काढताक्षणी वेगळा निघाला तर मला तरी संशय येतो.

बूस्टबहाद्दर

ऑर्डर केले, प्लॅटिनमच, ६, आणि २ नंबरचा बूट. ट्यूनरने लॉग बघून सांगितलं की टायमिंग कुठेही मागे खेचलं जात नाहीये, ६ पुरे. तारेचं गेज पण मागवलंय. बाकी तीन बूट बघितले, रेघ नाहीये पण रबर कडक झालंय जरा, तेही बदलू का?

तेलकट_हात

कडक झालं असेल तर बदलाच, हात घातलाच आहे तर. आणि कुठला बूट कुठल्या सिलिंडरचा ते जुन्यावर मार्करने लिहून ठेवा, पुढे काही निघालं तर बघायला बरं पडतं.